सुतक कुणाचं धरायचं?

वसुबारसेच्या सकाळी साडेआठला मेडिसिन वॉर्डातली माझी शेवटची नाईट संपली. इंटर्नशिपचं वर्ष म्हणजे दर एक-दोन महिन्यांनी पोस्टिंग बदलतं. मेडिसिन आटोपलं होतं, दिवाळीनंतर लेबर रूम लागणार होती आणि मधे पाच दिवसांची रजा मिळाली होती. होस्टेलवर जाऊन अंघोळ केली, अ‍ॅप्रन धुवायच्या पिशवीत टाकला आणि पैठणकडे जाणारी एसटी धरली. आमचं गाव गोदावरीच्या काठाला आहे. खिडकीला डोकं टेकवून झोपायचा प्रयत्न केला, पण उजव्या हाताची बोटं आपोआप मिटत-उघडत होती. ती का, ते पुढे सांगते.

घरी पोचले तर अंगणात रांगोळी नव्हती. भावकीतले चुलत आजोबा पहाटे गेले होते. दुपारी माती होती. म्हणजे दहा दिवस सुतक आणि आमची दिवाळी संपली. चकलीची भाजणी डब्यात तशीच राहिली, कढई फडताळात गेली, देव्हाऱ्यापुढचा पडदा ओढला गेला. आजी चाळीस वर्षांची माळकरी, रोज एकनाथांच्या नावानं समई लावणारी. तिनं त्या दिवशी वातीला हात लावला नाही. रात्री शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणून दिली. ती खाऊन आम्ही दोघी ओसरीवर बसलो तेव्हा आजीनं सहज विचारलं, "तिकडं तर रोजच माणसं जात असतील. मग तू सुतक कुणाचं धरतीस गं?"

आजीच्या प्रश्नात टोमणा नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. आणि मला उत्तर देता आलं नाही.

ज्या चुलत आजोबांचं सुतक मी धरून बसले होते, त्यांना मी आयुष्यात चार-पाच वेळा भेटले असेन. लग्नात, पारायणात, एकदा ते डोळ्याच्या ऑपरेशनचं विचारायला आले होते तेव्हा. पण आमचा मूळ पुरुष एक, म्हणून दहा दिवस. शास्त्र सात पिढ्यांपर्यंतचं नातं सपिंड मानतं, आणि सपिंडाचं आशौच पाळायचं असतं. त्याच पहाटे, ते गावात गेले त्याच सुमारास, वॉर्डात माझ्या हातांखाली आणखी एक माणूस गेला होता. त्याचं मी काय धरायचं?

त्यांना पोलिसांनी आणलं होतं. बसस्टँडच्या मागे बेशुद्ध सापडलेले, वय अंदाजे पंचावन्न ते साठ, सोबत कुणी नाही. केसपेपरवर नावाच्या जागी 'अनोळखी पुरुष' लिहिलं गेलं. झटका येऊन एक बाजू गेलेली होती, उलटी श्वासात गेली होती, फुप्फुसं भरली होती. दुसऱ्या दिवशी रात्री एकच्या सुमारास श्वास इतका उथळ झाला की नळी घालावी लागली. व्हेंटिलेटर एकही मोकळा नव्हता. अशा वेळी नळीला अँबू बॅग लावतात. रबरी फुग्यासारखी ती पिशवी हातानं दाबून श्वास द्यायचा, पाच सेकंदांनी एक. ज्याचे नातेवाईक असतात त्याची बॅग मुलगा दाबतो, भाऊ दाबतो, पाळ्या लावून घरचे दाबतात. यांचं कुणी नव्हतं म्हणून मी, माझा सोबतचा इंटर्न आणि वॉर्डबॉय मामा असे तिघं आळीपाळीनं बसलो. एक ते सहा चाळीस. चार हजारांच्या आसपास श्वास होतात ते. हात बदलायचा, मनात पाचपर्यंत मोजायचं, छाती उचलते का बघायचं, पुन्हा दाबायचं. तिसऱ्या तासानंतर आपला श्वासही त्या मोजणीवर चालायला लागतो. मी बॅग दाबताना स्वतः श्वास घेत होते आणि सोडताना सोडत होते, हे मामांनी मला दाखवून दिलं.

त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. गळ्यातून सेंट्रल लाइन टाकायची होती म्हणून रेसिडेंट सर म्हणाले, माळ काढ. तोंडात नळी असताना ती डोक्यावरून निघेना. मी दोरा कापला, मणी सांडू नयेत म्हणून लगेच गाठ मारली आणि माळ त्यांच्या मनगटाला बांधली. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ उतरत नाही, हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. कात्री चालवताना माझा हात थरथरला. सुई टोचताना तो कधीच थरथरत नाही.

सहा चाळीसला ईसीजीवर सरळ रेष आली. कागद फाडून फाइलला लावला, वेळ लिहिली. मामांनी नाकात कापूस घातला, हनुवटीला पट्टी बांधली, पायाचे अंगठे एकमेकांना बांधले, चिठ्ठी लावली. मी चादरीचं एक टोक धरलं. सातच्या आत गादी हायपोक्लोराइटनं पुसून झाली होती आणि तिथे दुसरा पेशंट आला होता, दम्याचा, त्याला नेब्युलायझर लावायचं होतं. मी लावलं. आठला राउंड झाला, साडेआठला मी सुटले.

आजीच्या प्रश्नानं मला त्या सकाळकडे पुन्हा वळून बघायला लावलं. रजेत वाचायला वेळ होता. वडिलांच्या कपाटात 'धर्मशास्त्राचा इतिहास' आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या या ग्रंथाच्या चौथ्या खंडात आशौचाची चर्चा आहे. तिथे मला जे हवं होतं ते सापडलं, आणि त्यानंच अस्वस्थ केलं. स्मृतिकारांनी काही लोकांना आशौचातून सूट दिली आहे. राजा, राजाचे सेवक, कारागीर आणि वैद्य. यांना त्यांच्या कामापुरतं 'सद्यःशौच', म्हणजे ताबडतोब शुद्धी. कारण उघड आहे. राजा दहा दिवस दरबार बंद ठेवू शकत नाही आणि वैद्य घरात मयत झालं म्हणून दारातल्या रोग्याला परत पाठवू शकत नाही. नियम शहाणपणाचा आहे. मी वॉर्डात जे केलं, वीस मिनिटांत दुसऱ्या पेशंटला मास्क लावला, ते स्मृतिकारांच्या दृष्टीनंही बरोबरच होतं.

पण सुतकात फक्त विटाळ असतो का? आमच्या ओसरीवर त्या दिवसांत मी जे पाहिलं ते वेगळं होतं. चुलत आजोबांच्या मुलाला, म्हणजे आमच्या काकांना, दहा दिवस कुणी शेतावर पाठवत नव्हतं. ऊस उभा होता, पाण्याची पाळी होती, ती दुसऱ्यांनी सांभाळली. घरात चूल लावायची नाही म्हणून शेजार जेवू घालत होता. रोज माणसं येत होती, दहा मिनिटं बसत होती, काही बोलत नव्हती, उठून जात होती. तिसऱ्या दिवशी राख सावडली. काका मधेच हुंदका देत आणि त्याकडे कुणी बघत नसे. समाजानं या माणसाला सांगितलं होतं, तुझं माणूस गेलंय, तू आता थांब, बाकीचं आम्ही बघतो. विटाळाच्या भाषेत गुंडाळलेली ही सवड आहे. शोकाला जागा आहे, मुदत आहे, भाकरी आहे.

सद्यःशौचानं वैद्याला विटाळातून सोडवलं आणि ही सवडही त्याच्याकडून गेली. मला वाटतं, आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना घाव तो आहे. मरण बघून थांबायचं नाही, हे आम्ही पहिल्या वर्षीच शिकतो. डिसेक्शन हॉलमध्ये एका टेबलाभोवती आम्ही दहाजण होतो. पहिल्या दिवशी शपथ घेतली, या देहाचा मान राखू म्हणून. फॉर्मालिननं डोळ्यांतून पाणी यायचं. कितीही साबण लावला तरी बोटांचा वास जात नसे, म्हणून महिनाभर मी मेसमध्ये पोळी-भाजी चमच्यानं खाल्ली. महिन्यानं वास येईनासा झाला. वास तोच होता, नाक सरावलं होतं. टेबलावरचा तो देह कुणाचा, आम्हाला माहीत नव्हतं. कुणी देहदान केलेलं असतं, किंवा १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याप्रमाणे बेवारस देह कॉलेजला मिळतो. त्या माणसाच्या हाताच्या शिरा, कण्याचे मणके मला आजही पाठ आहेत. माझ्या सख्ख्या आजोबांचा हात मला इतका माहीत नव्हता. तरी सात पिढ्यांच्या हिशेबात तो माणूस माझा कुणी लागत नाही.

आता विटाळाबद्दल बोलायला हवं, कारण ते टाळून सुतकाचं गोड गाणं म्हणणं खोटेपणाचं होईल.

माझं पुढचं पोस्टिंग लेबर रूमचं होतं, म्हणून मला डॉक्टर सेमेलवाइस आठवत होता. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात सुइणी शिकत, दुसऱ्यात माझ्यासारखे वैद्यकीय विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वरानं कितीतरी जास्त बायका मरत. बायका गुडघे टेकून विनवत की आम्हाला सुइणींकडे पाठवा. कारण कुणाला समजत नव्हतं. मग सेमेलवाइसचा एक सहकारी डॉक्टर शवविच्छेदन करताना बोटाला सुरी लागून मेला, आणि त्याच्या शरीरात तीच लक्षणं दिसली जी त्या बाळंतिणींत दिसत. तेव्हा उलगडा झाला. विद्यार्थी सकाळी शवं फाडत आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत. सेमेलवाइसनं क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं, आणि काही महिन्यांत मृत्यू दोन टक्क्यांच्या आसपास उतरले. डॉक्टर मंडळींनी त्याचं ऐकलं नाही. आपला हात घाण असू शकतो, हे त्यांना मान्य होईना. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात तो गेला.

ही गोष्ट मी आजीला सांगितली. ती लगेच म्हणाली, "मग? मढ्यावरून आलेल्यानं बाळंतिणीला शिवू नये, हे आमाला ठावं व्हतं." तिचं म्हणणं मला मान्य करावं लागलं. प्रेतापासून काहीतरी येतं आणि ते बाळंतिणीला घातक असतं, ही जाण आपल्या रीतीत होती. पण व्हिएन्नात ते हातावर होतं आणि धुऊन जात होतं. आपण ते माणसावर ठेवलं आणि पिढ्यानपिढ्या धुऊ दिलं नाही. मरणाच्या विटाळातून राजा आणि वैद्य ताबडतोब शुद्ध. मेलेलं ढोर ओढणारा, नाळ कापणारी सुईण, यांना कुठलंच सद्यःशौच लाभलं नाही. काम तेच, रक्त तेच, हात तसेच. माझ्या वडिलांची नाळ ज्या म्हातारीनं कापली, ती मांगवाड्यातली होती. मूल हातात घेईपर्यंत ती घरात, आणि नंतरचा चहा ओसरीच्या खाली, वेगळ्या कपात. हे आजीनंच मला पूर्वी सांगितलेलं. या वेळी मी ते पुन्हा काढलं. आजी खाली बघत राहिली आणि म्हणाली, "तवा चुकलंच ते."

महाडला १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी प्याले, त्यानंतर तिथल्या सवर्णांनी तळ्यात पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' केलं. शेण-गोमूत्र ओतलेलं पाणी शुद्ध, आणि माणसाच्या ओंजळीनं बाटलेलं! डॉक्टर होऊ घातलेल्या मुलीला या गोष्टीवर संताप आल्यावाचून राहत नाही. विटाळाची सगळी भाषा तिथे उघडी पडते. घाण कुठे आहे याची चौकशी ती करतच नाही, कुणाला दूर ठेवायचं तेवढं सांगते.

आणि याच महाराष्ट्रात त्याला दिलेलं उत्तरही आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले रुग्ण तपासत होते आणि सावित्रीबाई त्यांच्याकडे रुग्ण पोचवत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. त्यात त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. आमच्या पैठणला तर लहान मुलांनाही नाथांची गोष्ट माहीत असते, गोदेच्या तापलेल्या वाळवंटात रडणाऱ्या अस्पृश्याच्या लेकराला त्यांनी कडेवर उचललं ती. मी ती गोष्ट लहानपणी दयेची म्हणून ऐकली होती. आता मला ती नात्याची वाटते. उचललं म्हणून ते लेकरू नाथांचं झालं. सावित्रीबाईंच्या पाठीवरचा मुलगा त्यांचा कोण होता? ज्याच्या स्पर्शानं आपण मरू शकतो आणि तरी ज्याला खाली ठेवत नाही, तो सपिंडाहून जवळचा नाही का?

माझं म्हणणं एवढंच आहे. सुतकातला विटाळ साबणाच्या पाण्यात जाऊ दे, पण सुतकातलं थांबणं आपण जपू. आणि ते कुणासाठी धरायचं हे फक्त रक्तावर न ठरवता हातांनाही ठरवू देऊ. ज्याचे श्वास आम्ही पाच तास चाळीस मिनिटं मोजले, त्याचं मला काही लागतं. दहा दिवस मागत नाही, तेवढे कुणी देणारही नाही. पण गादी पुसली जाण्याआधी पाच मिनिटं चारजणांनी त्या खाटेभोवती गप्प उभं राहावं, एवढं कुठल्याही वॉर्डात होऊ शकतं. आम्ही उभे राहिलो नाही. पुढच्या वेळी मी उभी राहणार आहे आणि सोबतच्यांना थांबवणार आहे. मामांनाही. चादर बांधणाऱ्या माणसाला तर ती सवड कुणीच कधी विचारलेली नाही.

चौथ्या रात्री मी आजीला त्या माणसाबद्दल सगळं सांगितलं. तोवर सांगितलं नव्हतं. ती माळेच्या मण्यांवर बोट फिरवत ऐकत होती. म्हणाली, "माळकरी व्हता म्हन्जे आपलाच की गं. माउली म्हनून एकमेकांच्या पाया पडतो आपन. त्याचं सुतक आपल्याला लागतंच."

मला बरं वाटलं, आणि लगेच एक शंका आली. मी विचारलं, "आजी, माळ नसती तर? मुसलमान असता, दारू पिऊन पडलेला असता तर?"

आजीनं उत्तर दिलं नाही. बराच वेळ आम्ही तशाच बसलो. मग ती झोपायला उठली. मी तिला धरून नेलं तेव्हा तिनं माझा उजवा हात हातात घेतला आणि बोटं चोळत राहिली. अजून दुखतात का, एवढंच विचारलं.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी लेबर रूमला रुजू झाले. घर सुतकात आणि मी सोयरात. दारातच सिस्टरनी हात धुण्याच्या पायऱ्या पुन्हा करून दाखवायला लावल्या. तळवे, बोटांच्या फटी, अंगठे, नखं. ब्लीचिंगचा वास तोच, वॉर्डातला. मी सावकाश धुतले. सुटीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात सिस्टरच्या देखरेखीखाली माझ्या हातून पहिलं बाळंतपण झालं. पहाटेची वेळ, मुलगी, दोन किलो आठशे ग्रॅम. नाळ बांधली, कापली, पुसून आईच्या छातीवर दिली. पहिली काही सेकंदं ती रडली नाही. माझ्या ओठांवर एक-दोन-तीन आपोआप आलं. चारला ती रडली.

त्याच दिवशी गावी दहावा होता. दुपारी फोन आला. काकांनी घाटावर पिंड दिले, कावळा लवकर शिवला, असं आजी म्हणाली. मग तिनं सांगितलं की तर्पणात शेवटी ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठीही पाणी सोडतात, गुरुजींनी सांगितलं, आणि तिनं काकांना ते दोनदा सोडायला लावलं. गुरुजींनी विचारलं, कुणाच्या नावानं? "म्या म्हन्लं नाव न्हाई. गाव न्हाई. जात-धरम काय आसंल ते आसंल. माझ्या नातीच्या हातात गेलेली मान्सं हायेत, त्या समद्यांला द्या."

संध्याकाळी मी मेडिसिन वॉर्डात जाऊन सिस्टरना रजिस्टर मागितलं. त्या दिवसाच्या पानावर त्यांच्या वस्तूंची नोंद आहे: धोतर एक, बंडी एक, तुळशीची माळ एक. नावाच्या रकान्यात अजून 'अनोळखी' आहे.